भरवशाची म्हैस

'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण आपण सारे वापरतो. जिच्यावर विसंबून बसलो तिनेच ऐन वेळी दगा दिला, असा तिचा अर्थ. आणि दगा दिल्याचा दोष आपण बहुतेक वेळा म्हशीच्या माथी मारतो. पण थोडा विचार केला तर असे दिसते, की म्हशीने कुणालाही शब्द दिलेला नव्हता. पारडी होणार की टोणगा, ह्याचा संभव निम्मा-निम्मा असतो, आणि ही गोष्ट गोठ्यात वावरणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. मालकाने मात्र निम्म्याला पुरता एक धरला, पारडीच्या दुधाचे हिशेब मनात मांडले, आणि हिशेब फसल्यावर 'भरवसा' हा शब्द म्हशीला चिकटवून तो मोकळा झाला. तेव्हा ही म्हण म्हशीच्या बेइमानीची नसून मालकाच्या अंकगणिताची आहे.

भरवसा म्हणजे नेमके काय, ह्या प्रश्नाचा काथ्याकूट तत्त्वज्ञांनी पुष्कळ केला आहे. पण चिंचवडच्या आसपास मास्तरकी करीत असल्यामुळे ह्या प्रश्नाची एक निराळी बाजू माझ्या कानांवर सतत पडत आली आहे. आकुर्डी, भोसरी, निगडी, चाकण ह्या पट्ट्यात भरवसा हा पोटापाण्याचा धंदा आहे. एखादे यंत्र किंवा गाडीचा एखादा भाग किती दिवस टिकेल, कशाने मोडेल, मोडण्यापूर्वी काही सूचना देईल की नाही, एवढेच पाहण्यासाठी कारखान्यांतून स्वतंत्र माणसे नेमलेली असतात. माझे काही जुने विद्यार्थी ह्याच कामात आहेत. त्यांच्या बोलण्यातून आणि मिळाली तेवढी पुस्तके चाळून जे उमगले, त्यावरून माझे असे मत झाले आहे, की नीतीवर व्याख्याने देणाऱ्या आम्हा मंडळींनी ह्या लोकांकडून थोडे शिकावे. आणि त्यांना थोडे विचारावेही.

ही मंडळी भरवशाची व्याख्या करतात ती अशी : ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या मुदतीपर्यंत, ठरलेले काम बिनतक्रार पार पडण्याचा संभव. व्याख्या रुक्ष आहे, परंतु तिच्यात एक सचोटी आहे. आपण 'अमका गृहस्थ विश्वासू आहे' असे म्हणतो तेव्हा कोणत्या कामापुरता, कोणत्या परिस्थितीत आणि किती काळ, ह्यांपैकी एकही प्रश्न विचारीत नाही. पैशाला हात न लावणारा माणूस गुपित राखीलच असे नाही. सुबत्तेत शब्द पाळणारा अडचणीत पाळीलच असेही नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला ही गोष्ट धंद्यामुळे कळलेली असते. त्याच्या हाती पात्र येते तेव्हा ते सज्जनच असते. मग तो त्याला कर्जात टाकतो, आजारात टाकतो, मोहात टाकतो, आणि ते कुठे तडकते ते पाहतो. कारखान्यातही हेच करतात. यंत्राचा भाग भट्टीसारख्या तापलेल्या पेटीत ठेवायचा, मग गोठवायचा, अहोरात्र हादरवायचा, आणि दहा वर्षांचे आयुष्य दहा आठवड्यांत जगायला लावायचे. फरक इतकाच, की त्यांचा निष्कर्ष आकड्यात येतो आणि आमचा अश्रूंत.

पूर्वी ह्या खटाटोपाची गरज का नव्हती? गावातल्या सुताराने बैलगाडीचे चाक केले तर त्याची परीक्षा घेणारी प्रयोगशाळा नव्हती. पण सुतार त्याच गावात राहत होता. भर पावसाळ्यात ओढ्यात आरा मोडला, तर गाडीवाला संध्याकाळी त्याच्या दारात उभा राही. सुगीत बलुते मागायला त्याला त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावर जायचे असे. चाकाच्या भरवशामागे लाकडाची पारख होती तशीच ओळखीची नजरही होती. पुष्कळांना ह्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मोह होतो. मला तो होत नाही. कारण सुतार गावात राही तो केवळ आपखुशीने नव्हे. जातीने त्याला तिथे खिळ्यासारखे ठोकले होते. त्याच्या भरवशाची किंमत त्याच्या स्वातंत्र्यातून वसूल केली जात होती. तथापि एक गोष्ट खरी : वस्तू करणारा आणि वापरणारा एकमेकांना तोंडाने ओळखत होते, आणि ती ओळख आता उरलेली नाही.

ती कशी संपली हे ह्याच पट्ट्यात पाहता येते. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांचे त्याला साहाय्य होते, आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. मग १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, माळरानांचे भूखंड झाले, मोटारींचे कारखाने उभे राहिले, आणि ह्या शतकात चाकणच्या कांद्याच्या बाजारापलीकडे जर्मन, कोरियन आणि जपानी नावांच्या पाट्या लागल्या.

पेनिसिलीनचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. त्याची कुपी निर्जंतुक आहे की नाही हे खात्रीने पाहायचे तर ती फोडावी लागते. आणि फोडली की ती रोग्याच्या उपयोगाची राहत नाही. आगकाडीचे तसेच आहे. ती पेटते की नाही हे पेटवूनच कळते, आणि कळते तेव्हा ती संपलेली असते. म्हणजे रोग्याच्या दंडात जे औषध जाते, ते नेमके तपासलेले नसतेच! तपासलेल्या असतात त्याच घाण्यातल्या तिच्या काही बहिणी. बहिणी निर्दोष निघाल्या, आणि साऱ्यांची करणी अगदी एकसारखी होती असे लेखी पुरावे आहेत, म्हणून हिच्यावर भरवसा. कारखान्यात जे कागद भरावे लागतात, वेळा, तापमाने, सह्या, त्यांना पुष्कळ लोक कारकुनी म्हणून हसतात. पण अनोळखी माणसांच्या जगात तो कागद म्हणजेच सुताराचा चेहरा आहे. तो खोटा भरणे ही केवळ शिस्तीची चूक नव्हे. तो दिलेला शब्द मोडणे आहे.

आता थोडा गुणाकार. माझे गणित मॅट्रिकपुरतेच आहे, पण एवढ्याला ते पुरते. एखाद्या यंत्रात शंभर भाग आहेत आणि त्यांतला एकही बिघडला तर यंत्र बंद पडते, असे समजा. प्रत्येक भाग शंभरात नव्याण्णव वेळा चांगला चालतो. शाळेत नव्याण्णव गुण मिळवणाऱ्या मुलाच्या घरी पेढे वाटतात. पण शंभर वेळा नव्याण्णव टक्क्यांनी गुणत गेले तर अखेरीस हाती सदतीस टक्केही उरत नाहीत. शंभरही जण हुशार, आणि मिळून सारे नापास! यंत्राला नव्याण्णव टक्के मिळायचे असतील तर प्रत्येक भागाला दहा हजारांत नऊ हजार नऊशे नव्याण्णव वेळा उभे राहावे लागते. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी बळकट असते असे आपण समजतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अग्निबाणांवर काम करणाऱ्यांना हे शिकावे लागले, की साखळी त्याहूनही कच्ची असते. कारण प्रत्येक कडीचा थोडाथोडा कच्चेपणा एकत्र येतो.

ह्या गुणाकाराचा नैतिक अर्थ मला फार गंभीर वाटतो. गावगाड्यात 'बहुतेक वेळा प्रामाणिक' असणे पुरत होते. परंतु जिथे एका माणसाचे काम शंभर अनोळखी माणसांच्या कामाला जोडलेले असते, तिथे बहुतेक वेळा प्रामाणिक असणाऱ्या शंभर सज्जनांकडून मिळून जे निपजते ते भरवशाचे नसते. आपले रस्ते, आपली इस्पितळे, आपल्या कचेऱ्या पाहिल्या म्हणजे ह्याचा प्रत्यय येतो. तिथे सगळे चोर बसलेले नसतात. प्रत्येक जण आपापल्या परीने नव्याण्णव टक्केवालाच असतो.

कोणी म्हणेल, मग परीक्षा कडक करा. मी मास्तर आहे. परीक्षेची मर्यादा मला ठाऊक आहे. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत उघडकीस आलेले फोक्सवॅगनचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. त्या कंपनीच्या डिझेल गाड्यांतली संगणक-प्रणाली गाडी परीक्षेच्या यंत्रावर आहे की रस्त्यावर आहे हे ओळखत असे. परीक्षा चालू असली की धूर नियमात. रस्त्यावर आली की वाटेल तसा. आपल्याकडेही पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने तपासण्या केल्या, आणि त्या डिसेंबरात भारतातल्या सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे कंपनीने जाहीर केले. ह्या कंपनीचा एक कारखाना २००९ पासून चाकणलाच आहे.

ह्या प्रकरणात मला अस्वस्थ करते ते हे, की ती गाडी नादुरुस्त नव्हती. ती अत्यंत भरवशाची होती! दर वेळी, न चुकता, ठरल्याप्रमाणे ती फसवीत होती. व्याख्येतल्या साऱ्या अटी तिने पाळल्या. फक्त ठरलेले काम कुणाशी ठरले होते, एवढाच प्रश्न होता. इथे आकड्यांचा भरवसा आणि शब्दाचा भरवसा ह्यांच्या वाटा फुटतात. इन्स्पेक्टर वर्गात आल्यावर शहाण्यासारखी बसणारी मुले आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना तसे बसायला शिकवणारे शिक्षकही पाहिले आहेत. ज्या समाजात शाळेपासून परीक्षेपुरते चांगले असण्याचा सराव होतो, त्या समाजाने यंत्राला तीच विद्या शिकवली तर आश्चर्य कसले?

परंतु आकडे टाकून देऊन निव्वळ सद्भावनेवर विसंबावे, असे मात्र मी म्हणणार नाही. तो म्हशीच्या मालकाचा मार्ग आहे. आकड्यांशी झगडून त्यांतली नीती सुधारावी लागते, आणि तशी ती सुधारतेही. ह्याचे एक उदाहरण देतो. वस्तू बाजारात जाण्यापूर्वी ती कशाकशाने बिघडेल ह्याची यादी करण्याची एक पद्धत आहे. अमेरिकन सैन्याने ती १९४९ साली लिहून काढली आणि पुढे मोटारींच्या धंद्याने उचलली. प्रत्येक बिघाडाला तीन बाबींत एक ते दहा गुण द्यायचे. त्याने होणारी हानी किती भयंकर, तो किती वेळा घडेल, आणि घडण्याआधी सापडणे किती अवघड. मग तिन्हींचा गुणाकार करायचा, आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे आधी पाहायचे.

आता असे समजा, की ब्रेक निकामी होण्याला हानीचे दहा, वारंवारतेचे दोन आणि सापडण्याचे तीन गुण दिले : गुणाकार साठ. दार करकरण्याला अनुक्रमे तीन, पाच आणि चार दिले : गुणाकार साठच. कागदावर माणसाचे मरण आणि दाराची करकर एका पारड्यात समान बसली! हिशेबात चूक नाही. चूक आहे ती दोन गोष्टी एकमेकींच्या बदल्यात मोजण्यात. ही खोट अनेकांनी वर्षानुवर्षे बोलून दाखवली. शेवटी २०१९ साली अमेरिकन आणि जर्मन मोटार-उद्योगांच्या संघटनांनी मिळून जी नवी पुस्तिका काढली, तिच्यात हा गुणाकार बाजूला ठेवला आणि हानीच्या गुणांना अग्रमान दिला. म्हणजे दाराच्या कितीही करकरीने ब्रेकची बरोबरी होऊ नये. हे वाचले तेव्हा मला वाटले, नीतिशास्त्राच्या जाड ग्रंथांत ज्यावर वाद चालतात, तोच वाद कारखान्याच्या तक्त्यात एका ओळीने पुढे सरकला.

भरवशाविषयी आणखी एक गैरसमज असा, की भरवशाची वस्तू म्हणजे कधीच न मोडणारी. अशी वस्तू नसते. १६६० साली शाइस्ताखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला भुईकोट, लहान. पडणार हे उघड होते. फिरंगोजी नरसाळ्याने तो सुमारे पावणेदोन महिने झुंजवला. सुरुंगाने बुरूज उडाला, आणि मगच किल्ला गेला. पण खानाचा पावसाळा त्यात गेला. तो किल्ला पडला म्हणून त्याला कुणी बेभरवशाचा म्हणत नाही. पडायचेच तर उशिरा पडावे, सूचना देऊन पडावे, आणि मागच्यांना सावरायला वेळ द्यावा, ही भरवशाची खरी कसोटी आहे. चांगला इंजिनिअर हेच साधू पाहतो. मोडणार ते असे मोडो की आधी आवाज येईल, दिवा लागेल, गाडी हळू होईल. आणि विकून झाल्यावर खोट कळली तर ती लपवू नये, वस्तू परत बोलवावी. आपल्याकडे वाहन-उद्योगाने २०१२ साली आपणहून तसा संकेत घालून घेतला, आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला. गाड्या परत बोलावल्याची बातमी आली की लोक कंपनीला हसतात. मला ते हसणे पटत नाही. आपली चूक आपण होऊन सांगणाऱ्याला हसणारा समाज पुढच्या वेळी चूक लपवायलाच शिकवीत असतो.

इथवर मी ह्या विद्येची स्तुती केली. आता विचारायचे ते विचारतो.

वस्तूच्या भरवशासाठी एवढी चिंता वाहणाऱ्या ह्या पट्ट्यात ती वस्तू जोडणाऱ्या माणसाचा भरवसा कोण पाहतो? आयटीआय करून बाहेर पडलेली, मराठवाड्यातून आणि विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेली मुले इथे एका खोलीत सहा-सहा जण राहतात. त्यांतली कितीतरी कंत्राटी असतात, आणि सात-आठ महिने झाले की त्यांना 'ब्रेक' मिळतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी तरतूद होती, की वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरले म्हणजे ती सलग नोकरी समजावी, आणि मग नोटीस व भरपाई दिल्याशिवाय कामगाराला कमी करू नये. संरक्षणासाठी घातलेला हा आकडा पुष्कळ ठिकाणी कुंपणासारखा वापरला गेला : दोनशे चाळीस भरू द्यायचेच नाहीत. यंत्राच्या बेअरिंगचे आयुष्य वाढवण्यासाठी जिथे रात्री जागवल्या जातात, तिथे माणसाच्या नोकरीचे आयुष्य तोडण्यासाठी दिवस मोजले जातात.

गाडीतला महत्त्वाचा भाग उद्या मोडला तर तो कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर झाला हे नोंदीवरून शोधता येते. ज्याने तो बसवला त्याचा पत्ता मात्र तोवर कंत्राटदाराच्या वहीतूनही गेलेला असतो. सुताराला गाव सोडता येत नव्हते. ह्याला गावात राहता येत नाही. एकाचा भरवसा बेडीने विकत घेतला होता, दुसऱ्याकडून तो फुकट मागितला जातो.

हा केवळ करुणेचा मुद्दा आहे असे कोणी समजू नये. तो हिशेबाचाही आहे. जपानमध्ये साकिची टोयोडा ह्यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग केला. त्याच कल्पनेतून पुढे त्यांच्या घराण्याच्या मोटार-कारखान्यात अशी रीत पडली, की कुणाही कामगाराला खोट दिसली तर त्याने दोरी ओढावी आणि सारी ओळ थांबवावी. आज जगभर ह्या रीतीचे अनुकरण होते, आपल्या पट्ट्यातही दोऱ्या आणि बटणे लागली आहेत. पण दोरी लावणे निराळे आणि ती ओढण्याचे धैर्य निराळे. ज्याला पुढच्या महिन्यात ब्रेक मिळेल की मुदतवाढ हे मुकादमाच्या मर्जीवर आहे, तो मुलगा पहाटे तीन वाजता, मागे उत्पादनाचा आकडा तुंबलेला असताना, एका वाकड्या बोल्टसाठी ओळ थांबवील काय? थांबवणारे असतात; मी त्यांना ओळखतो. पण कारखान्याने दहा हजारांतल्या नऊ हजार नऊशे नव्याण्णवांचा हिशेब मांडला असेल तर अशा शूरांवर तो मांडता येणार नाही. तो मांडावा लागतो साध्या, भित्र्या, घरी पैसे पाठवणाऱ्या मुलावर. त्या तक्त्यात बिघाड सापडण्याला जे गुण देतात, त्यांत हे भय कुठे धरलेले असते?

म्हणून भरवसा हा मला दोन तोंडांचा वाटतो. ज्याच्याकडून तो हवा, त्याला तो द्यावाही लागतो. लोखंडाला त्याची गरज नाही, म्हशीलाही नसेल. माणसाला आहे. ज्याचा उद्याचा दिवस त्याच्या हाती नाही, त्याच्याकडून आपल्या दहा वर्षांची हमी मागणे हा व्यवहार इमानदारीचा म्हणता येणार नाही, मग वस्तू कितीही उत्तम निघो.

वाचकहो, ह्या दिवाळीत तुमच्यापैकी कित्येकांच्या दारात नवी गाडी येईल, तिला झेंडूचा हार घातला जाईल. वॉरंटीचा कागद मिळेल तो जरूर वाचा; त्यावर किती वर्षे लिहिली आहेत, कोणत्या अटी आहेत ते पाहा. आणि ज्यांनी ती जोडली त्यांना किती महिन्यांचा कागद मिळाला होता, हेही एकदा दुकानात विचारा. विक्रेत्याला उत्तर ठाऊक नसेल. तो बिचारा स्वतःच कदाचित कंत्राटावर असेल. पण मायलेजचा प्रश्नही एके काळी फारसे कुणी विचारीत नव्हते. गिऱ्हाईक विचारू लागले, तेव्हा कारखाने उत्तर शोधू लागले.